टेकडी लहान, गोष्ट मोठी

मंडळी, आमची भनपुरी म्हणजे सपाट जमीन आणि कारखान्यांची धुराडी. इथल्या मराठी घरांतली मुलं सुट्टीत नागपूरकडे आजोळी निघतात. तुमचीही तशी फेरी होणार असेल, तर एक दिवस जास्तीचा काढा आणि मनसरला जाऊन या.

नागपूर-जबलपूर महामार्गावर, नागपूरपासून साधारण ४५ किलोमीटरवर हे गाव आहे. रामटेकचे भाविक इथूनच वळतात. सगळ्यांचं लक्ष गडमंदिराकडे असतं, त्यामुळे मनसरची बुटकी टेकडी नजरेत भरत नाही. तिचं नाव हिडिंबा टेकडी. शेजारी तलाव, आसपास मनसर, कांद्री अशी छोटी गावं आणि मँगनीजच्या खाणी.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांनी इथे उत्खनन सुरू केलं. शर्मा आपल्या छत्तीसगडचे. सिरपूरमध्येही त्यांनी उत्खनन केलं आणि २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मनसरला मातीखालून विटांचं मोठं मंदिर निघालं, जवळच राजवाड्याचे अवशेषही सापडले. पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं अनेक अभ्यासक मानतात. 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य याच राजाच्या नावावर आहे. म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीशीही या टेकडीचं नातं लागतं!

आता विचार करा, उत्खननाआधी कुणी मुरमासाठी ही टेकडी कापली असती तर? ट्रॅक्टर भरभरून इतिहास रस्त्याखाली गेला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

प्रत्येक टेकडीत राजधानी सापडणार नाही, हे खरं. पण पावसाचं पाणी तिच्या उतारावरूनच तळ्यात येतं, विहिरींकडे मुरतं. शेळ्या तिथेच चरतात, सरपण तिथूनच येतं. रस्ता आज ना उद्या होईल, टेकडी मात्र परत उगवत नाही.

म्हणून या सुट्टीत दोन गोष्टी करा. मनसरला गेलात तर मुलांना विटा दाखवा, पण एकही उचलू देऊ नका. आणि आपल्या गावच्या टेकडीचं नाव, तिच्या गोष्टी आजी-आजोबांना विचारून वहीत लिहून ठेवा. उद्या तिथे मुरमाचे ट्रॅक्टर लागले, तर ग्रामसभेत बोलायला काहीतरी हाताशी असेल.