वारशाच्या चित्रातील विहीर

गेल्या भीमजयंतीस अदलियातील एका धम्मबंधूंच्या घरी आपली मुले जमली होती. 'आमचा सांस्कृतिक वारसा' या विषयावर त्यांनी चित्रे काढावयाची होती. बहुतेक चित्रांत डोंगर, नदी, वडाचे झाड आणि विहीर. कागदाच्या दुसऱ्या अंगास काळ्या धुराखाली दडपलेले शहर. ज्यांचा जन्म मनामात झाला, त्या मुलांना गाव म्हणजे वारसा आणि शहर म्हणजे त्याचा ऱ्हास, हे कोणी शिकविले? आम्हीच. सुटीतल्या गोष्टींतून आणि भारतातून मागविलेल्या मराठी पुस्तकांतून.

ज्या भूमीवर आपण पोटासाठी आलो, तिच्याशी नाते सांगणारी याच विषयाची एक प्राचीन कथा आहे. बहरीन म्हणजेच दिलमुन, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. येथील दिलमुनकालीन दफन-टेकड्यांना २०१९ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जलप्रलयातून वाचलेल्या पुरुषास देवांनी दिलमुनात वसविले, असे सुमेरी कथा सांगते. गिल्गमेश महाकाव्याचा नायक अमरत्व शोधीत जातो, तो त्याच पुरुषाकडे. पायांस दगड बांधून तो पाण्याच्या तळातून संजीवनी आणतो. येथील मोती काढणारे पाणबुडेही असेच दगडाच्या भाराने उतरत. ती वनस्पती साप पळवितो. राजा रिकाम्या हाताने परततो आणि सोबतच्या नावाड्यास अभिमानाने दाखवितो, ती आपल्या उरुक नगराची तटबंदी.

या राजाचा मित्र एन्किडू हा रानात हरणांसमवेत वाढलेला. शमहत नावाची स्त्री त्याला माणसांत आणते. पुढे मृत्युशय्येवर तो तिला शाप देतो. तेव्हा सूर्यदेव शमश त्यास विचारतो, जिने तुला अन्न, वस्त्र आणि मित्र मिळवून दिला, तिला शाप कसा देतोस? एन्किडूचा क्रोध शमतो आणि तो तिला आशीर्वाद देतो. आमच्या घरांतून एन्किडूचा शाप वारंवार ऐकू येतो, शमशचा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

चित्रातील ती विहीरच घ्या. आमच्या आजोबांना तिचे पाणी दुरून, ओंजळीत वरून ओतलेले घ्यावे लागे. वडाचा पार त्यांच्यासाठी नव्हता. निसर्ग सर्वांचा असता, तर २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिण्यास महाडला जावे लागले नसते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगाथेवर कठोर टीका केली, ती निसर्गद्वेषातून नव्हे.

शहर निर्दोष होते असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती. तरीही रात्रशाळा, वाचनालय आणि संघटना शहरातच लाभल्या. बाबासाहेब परळच्या चाळीत राहिले, पुढे दादरला ग्रंथांसाठी घर बांधले आणि त्यास नाव दिले 'राजगृह', तेही मगधाच्या राजधानीचे!

आम्ही व्यवसायाने डॉक्टर. उन्हाळ्यात येथील उन्हाने कोसळलेले मजूर आम्ही तपासतो. निसर्ग कनवाळू असतो, असे त्यांना सांगण्याचे धाडस आम्हास होत नाही. झाडांचे वैर मात्र आम्हास नको. तथागतांना संबोधी पिंपळाखाली प्राप्त झाली. परंतु त्यांचे अनेक वर्षावास श्रावस्तीच्या जेतवनात झाले. ते उपवन नगरापासून फार दूर नव्हते, फार जवळही नव्हते, आणि अनाथपिंडिक या व्यापाऱ्याने ते विकत घेऊन संघास दिले होते. रान आणि नगर यांतील ही वाट मुलांना आम्ही कधी दाखविली?

त्या दिवशी एका मुलीस आम्ही विहिरीची हकीकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "पणजोबांना कुठे काढू?" विहिरीपासून दहा पावले दूर, ओंजळ पुढे केलेली, असे आम्ही सांगितले. तिने तसे काढले, आणि शहरावरचा काळा धूर खोडून तेथे एक शाळा काढावयास घेतली.