भोपळ्याची पहिली चीर

दिवाळीच्या सुट्टीत राजोडीला भाच्यांनी लाल भोपळा कोरायचा हट्ट धरला. "हे काय हॅलोविनचं खूळ!" काकांनी लगेच नाक मुरडलं. पण मंडळी, आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरायचे. भोपळा आला तो अमेरिकेत गेल्यावर. सण असे प्रवास करतातच.

मला खटकलं ते वेगळंच. आजीने सुरी बाजूला ठेवली. का? तर अख्ख्या भोपळ्याला पहिली चीर बाईने द्यायची नाही, पुरुषाने द्यायची! बऱ्याच घरांत हे आजही पाळतात. त्यावर काका गप्प.

शेवटी पहिली चीर भाचीने दिली. (सुरीवर माझाही हात होता, काळजी नको.) किसलेल्या गराचे घारगे झाले, पोकळ भोपळ्यात पणती लागली. आजीने चार घारगे खाल्ले.

परकं काय ते शोधण्याआधी आपलं काय टाकायचं ते बघूया की!