भाजलेली कॉफी घरी टिकवताना

आपल्या खेड्यापाड्यांतून राज्य चहाचे आहे. तरी कॉफी अगदीच परकी नाही. रात्री उशिरा पाहुणे आले, सोयरिकीची बैठक लांबली, की जायफळ किसून घातलेली दुधाची कॉफी आपल्याकडे पूर्वीपासून होते. आता त्यात भर पडली आहे ती भाजलेल्या बियांची. मुलगा बंगळूरला नोकरीला असतो, तो दिवाळीला येताना किलोभर बिया आणतो. कोणी सहलीला चिकमगळूर, कुर्ग किंवा आपल्याच मेळघाटातील चिखलदरा करून येते आणि तिथून पुडकी आणते. वस्तू महागाची, म्हणून घरातली माणसे ती फडताळात जपून ठेवतात. दोन-तीन महिन्यांनी डबा उघडावा तर कॉफीला ना वास ना चव, उलट जुन्या दाण्यांच्या कुटासारखा खवटपणा. मग दुकानदाराने फसवले असे वाटते. बहुतेक वेळा त्याचा दोष नसतो. कॉफी जपून ठेवली, इथेच गणित चुकते.

शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड नाही. भुईमुगाची वाळलेली शेंग तुम्ही वर्षभर ठेवता. फोडलेले दाणे तितके टिकत नाहीत, भाजलेले त्याहून कमी, आणि कूट तर आठ-पंधरा दिवसांत वास मारू लागतो. कॉफीचेही असेच आहे. कच्ची हिरवट बी १० ते १२ टक्के ओलाव्यावर वाळवून कोरड्या जागी ठेवली तर महिनोन्‌महिने चांगली राहते. ती २०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजली की फुगते, ठिसूळ होते, पाणी उडून जाते आणि वजनात किलोमागे दीडशे ते दोनशे ग्रॅम घट येते. तिच्या पोटात असंख्य बारीक पोकळ्या पडतात. अरेबिका जातीच्या बीमध्ये सुमारे १५ टक्के तेल असते, रोबस्टामध्ये त्याहून कमी. भाजल्यावर हे तेल आणि सुवासाची द्रव्ये उघडी पडतात. त्यांना हवेतला प्राणवायू लागला की खवटपणा सुरू होतो. दळल्यावर तर हवा कणाकणाला भिडते.

भाजलेल्या बीची आणखी एक खोड आहे. भाजताना आत कार्बन डायऑक्साइड वायू कोंडतो आणि पुढे कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. चांगल्या पुडक्यांवर बारीक भोकांची गोल चकती बसवलेली असते ती यासाठीच. आतला वायू तिच्यातून बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. काही जण हे भोक पाहून पुडके फुटके समजतात आणि त्यावर चिकटपट्टी लावतात. तसे करू नये. घरी कढईत बिया भाजणाऱ्यांनी त्या सुपात पसरून लगेच गार कराव्या आणि सुटलेले फोलपट पाखडून टाकावे. गरम बिया डब्यात कोंडल्या तर झाकणाला घाम सुटतो. गार झाल्यावरही पहिला दिवसभर झाकण सैल ठेवावे, मग घट्ट लावावे. ताज्या भाजलेल्या बियांची कॉफी त्याच दिवशी करण्याची घाई नको. चार-पाच दिवसांनी चव बसते.

आता डबा कोणता? घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा सर्वांत सोयीचा. चिनी मातीची बरणीही चालते, मात्र तिचे झाकण नीट बसले पाहिजे. काचेची बरणी घेतली तर ती फडताळाच्या आत, अंधारात ठेवावी. खिडकीत मांडलेली बरणी दिसायला छान, पण उजेड बियांना मारक. प्लॅस्टिकच्या जुन्या डब्यांना वास धरतो, त्यातून कालची हळद नि परवाचे लोणचे कॉफीत उतरते. पुडके जाड असेल तर बिया बाहेर काढूच नयेत. वरची हवा दाबून काढावी, तोंड दुमडून चिमटा लावावा आणि पुडकेच डब्यात ठेवावे. अर्ध्या रिकाम्या डब्यात निम्मी हवाच असते, म्हणून बिया कमी होतील तसा डबाही लहान घ्यावा. आणि जुन्या बिया संपल्यावर त्याच डब्यात नव्या ओतू नयेत. आतून तेलाचा पातळ थर बसलेला असतो, तो विरजणासारखे काम करतो. गरम पाण्याने व सोड्याने डबा धुवावा, उन्हात कडकडीत वाळवावा, मग भरावा.

जागेबद्दलही सांगायला हवे. चुलीच्या किंवा शेगडीच्या वरची फळी सर्वांत हाताशी, म्हणून सर्वांत वाईट. पत्र्याच्या घरात वरच्या फळ्या उन्हाळ्यात तापतात. विदर्भ-मराठवाड्यातील मंडळींनी डबा माजघरात खालच्या कप्प्यात ठेवावा, पण माठाजवळच्या ओलीत नको. कोकणात आणि घाटमाथ्यावर उष्णतेपेक्षा पावसाळी दमटपणाची भीती जास्त. तिथे मोठा डबा रोज उघडूच नये. आठवड्यापुरत्या बिया लहान डब्यात काढून घ्याव्यात आणि मोठा बंद ठेवावा.

एक गोष्ट मी बजावून सांगतो, कारण ती चवीपुरती नाही. भाजलेली कॉफी भोवतालचा वास ओढून घेते. पुष्कळ घरांत एकाच खोलीत धान्याची कोठी, फवारणीची औषधे, बीजप्रक्रियेच्या पुड्या आणि घरातला बाजार असतो. कॉफीचाच काय, खाण्याचा कोणताही जिन्नस तिथे ठेवू नये. औषधाची रिकामी बाटली किंवा डबा कितीही धुतला तरी तो खाद्यपदार्थाला वापरायचा नाही. झाकण घट्ट बसते म्हणून असे डबे घरात शिरतात, हे मी पाहिले आहे. धान्यात वापरतात त्या विषारी गॅसच्या गोळ्या तर राहत्या घरात आणूच नयेत. त्यांचा वायू माणसाचा जीव घेतो. ज्वारीत आपण कडुलिंबाचा पाला घालतो तसा कॉफीत घालण्याचे काही कारण नाही. नीट भाजलेल्या कोरड्या बीला सहसा कीड लागत नाही, आणि पाल्याचा वास मात्र नक्की लागतो. जायफळ-वेलचीही डब्यात मिसळून ठेवू नये. ती कपाशी किसलेलीच बरी.

फ्रीजबद्दल विचारणा नेहमी होते. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कॉफी ठेवू नये. तिथे ओल असते, शिवाय भाजी-भाकरीचा, लसणाच्या चटणीचा वास असतो. गार डबा बाहेर काढून उघडला की हवेतील बाष्प बियांवर दव धरते. वरचा बर्फाचा कप्पा चालतो, पण अटी आहेत. बियांच्या आठवड्यापुरत्या लहान पुड्या हवाबंद कराव्या, एका वेळी एकच काढावी, ती खोलीइतकी कोमट होईपर्यंत उघडू नये आणि परत आत ठेवू नये. जिथे दिवसातून सहा-आठ तास वीज जाते, तिथे हा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

खरा उपाय डब्यापेक्षा खरेदीत आहे. एका कपाला साधारण ८ ते १० ग्रॅम पूड लागते. चार माणसे रोज एकदा पीत असतील तर दिवसाला ३५-४० ग्रॅम, म्हणजे पाव किलो बिया आठवड्यात संपतात. अशा घरी अर्धा किलो आणला तरी चालेल. पण ज्या घरी कॉफी फक्त पाहुण्यांसाठी होते, तिथे किलोचे पुडके म्हणजे पैसा वाया. मुलाला सांगावे, किलो आणू नकोस, शंभर ग्रॅमच आण, आणि पुडक्यावर भाजल्याची तारीख पाहून आण. फोडलेल्या पुडक्यातील बिया तीन-चार आठवडे चांगल्या राहतात असे धरावे. पूड आठवडाभर, फार तर दोन. म्हणून बियाच घ्याव्यात आणि लागेल तेवढ्याच दळाव्यात. मिक्सरच्या मसाल्याच्या भांड्यात दळायच्या असतील तर आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकावेत, मिरची-लसणाचा वास निघतो.

बाजारातल्या पुष्कळ पुडींत चिकोरी असते. हे एका झाडाचे भाजलेले मूळ. ते ओलावा लवकर ओढते, म्हणून चिकोरीच्या पुडीचे पावसाळ्यात गोळे होतात. तिला कोरडा चमचा आणि घट्ट झाकण फारच जरुरीचे. गरम पाण्यात लगेच विरघळणारी कॉफी ही वेगळी वस्तू. तो कॉफीचा वाळवलेला अर्क असतो, झाकण पक्के असेल तर बरेच महिने राहतो. क्वचित कॉफी पिणाऱ्या घराला तीच परवडते, असे माझे मत आहे. शौकिनांना ते पटणार नाही.

बिया ताज्या आहेत की नाहीत हे पाहण्याची रीत सोपी आहे. नुकत्याच दळलेल्या पुडीवर कडकडीत पाणी थोडेसे ओता. पूड फुगून वर फेस आला तर आत वायू शिल्लक आहे, म्हणजे कॉफी ताजी. चिखलासारखी खाली बसली तर शिळी. शिळ्या कॉफीने अपाय होत नाही, दूध-साखरेत ती खपून जाते. पण ओल लागून कुबट वास आलेल्या किंवा बुरशी धरलेल्या बिया पुन्हा उन्हात वाळवून वा भाजून वापरू नयेत. बुरशीचे विष भाजण्याने पुरते जात नाही. त्या सरळ खताच्या खड्ड्यात टाकाव्यात.