आरोग्यविचार : डोळे दुरून दाखवावे काय?

नेत्रवैद्य रोग्याच्या जितका निकट बसतो, तितका दुसरा वैद्य क्वचितच बसत असेल. तपासणीच्या भिंगापुढें दोघांच्या मुखांत हातभराचेंही अंतर नसतें. कोविडच्या सांथींत हें सान्निध्यच घातक ठरलें. वूहान येथें आपल्या सहाध्यायांस या रोगाविषयीं सावध करणारे डॉ. ली वेनलियांग हे नेत्रवैद्यच होते. ७ फेब्रुवारी २०२० रोजीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला.

आपल्या देशांत २५ मार्च २०२० रोजीं टाळेबंदी आली, व दूरध्वनीवरून आणि व्हिडिओवरून रोगी कसे पाहावे, याचे सरकारी नियमही त्याच दिनांकास निघाले. एप्रिल महिन्यांत ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या सल्ल्याची सोय सुरू झाली. ही पद्धति सांथीबरोबर गेली नाहीं. म्हणूनच तिचा उपयोग कोठें करावा व कोठें करूं नये, हें प्रत्येक कुटुंबानें जाणलें पाहिजे.

रांजणवाडी, पापण्यांची खाज, डोळ्यांची कोरड, थेंब कसे घालावे याविषयींची शंका, इतकें काम घरच्या फोनवरून उत्तम होतें. परंतु फोनला डोळ्यांतील दाब मोजतां येत नाहीं, व आंतला पडदाही दिसत नाहीं. काचबिंदूंत दृष्टि कडेकडेनें व निमूटपणें जाते. मधुमेहानें पडदा बिघडूं लागला तरी आरंभीं रोग्यास कळत नाहीं. अशी गेलेली दृष्टि बहुधा परत येत नाहीं. ‘सांथ सरूं द्या, मग पाहूं,’ असें म्हणून ज्या वृद्धांची तपासणी लांबली, त्यांपैकीं कित्येकांस तो विलंब भोवला.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानें योजलेला मार्ग सांथीहून जुना आहे. खेड्यांतील दृष्टिकेंद्रांत शिकविलेली सहायिका यंत्रांनीं डोळा तपासते, आणि दूरच्या रुग्णालयांतील डॉक्टर तो वृत्तांत पाहून पडद्यावरून रोग्याशीं बोलतात. वैद्य दूर असला तरी यंत्र व शिकलेला हात रोग्यापाशींच राहतो. या पद्धतीचें खरें बळ येथें आहे.

घरांत मधुमेही किंवा साठी उलटलेलें माणूस असल्यास चौकडीच्या कागदावर मधोमध ठिपका काढावा, आणि वाचनाचा चष्मा लावून, एकेक डोळा झांकून, त्या ठिपक्याकडे पाहावयास सांगावें. रेघा वांकड्या दिसल्या तर फोनवर विसंबूं नये. एकाएकीं दृष्टि मंदावणें, विजेसारखे चमकारे, पडदा सरकल्याचा भास, ओकारीसह तीव्र वेदना, डोळ्यास मार लागणें, यांपैकीं कांहींही झाल्यास त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. डोळ्यांत चुना गेल्यास मात्र आधीं भरपूर पाण्यानें डोळा धुवावा, मग निघावें.

फोन लावून देण्याचें काम नातवानें आनंदानें करावें. परंतु आजोबांस गाडींत बसविण्याची वेळ कोणती, हेंही त्याला ठाऊक असावें.