मनगटावरचे घड्याळ आणि कचऱ्यातला सेल

परीक्षेच्या वर्गात मोबाईल चालत नाही, स्मार्ट वॉच चालत नाही. त्यामुळे दहावीच्या मुलीला काट्यांचे साधे घड्याळ घेऊन द्यावेच लागते. दुकानदार हल्ली बांबूचे, लाकडाचे घड्याळ पुढे करतो आणि ‘पर्यावरणपूरक’ म्हणून चार पैसे जास्त सांगतो. वाचक भगिनींनी पैसे देण्याअगोदर आत काय आहे ते विचारावे. बाहेर बांबू असला तरी आत बहुधा तेच क्वार्ट्झ मशीन आणि तोच बटणाएवढा सेल असतो. शिवाय लाकूड पाण्याने फुगते. धुणीभांडी करणाऱ्या हातावर ते टिकायचे नाही.

खरा प्रश्न सेलचा आहे. दोन-तीन वर्षांत तो संपतो आणि कचऱ्यात जातो. त्यात चांदीचे ऑक्साईड आणि जस्त असते, जुन्या सेलमध्ये थोडा पाराही असे. मुंबईत देवनारच्या डम्पिंगवर १९२७ पासून कचरा पडतो आहे. तो उचलणारे आणि वेचणारे हात कोणाचे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पर्यावरण म्हटले की सभांमधून झाडांविषयी बोलतात, या हातांविषयी कोणी बोलत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, आधी घरातली ट्रंक उघडा. एच.एम.टी.ने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. त्यांचे चावीचे ‘जनता’ घड्याळ कितीतरी कामगारांच्या मनगटावर होते. त्याला सेल लागत नाही, रोज सकाळी चावी दिली की झाले. हा घड्याळ कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला, पण घड्याळे संपलेली नाहीत. जाणत्या घड्याळजीकडून साफसफाई आणि तेलपाणी करून घेतले की आजोबांचे घड्याळ नातीच्या हातावर चालू लागते. दिवसाला मिनिटभर मागेपुढे होईल, तेवढे चालवून घ्यावे. बाजारात मात्र जुन्या डायलला रंग देऊन नवे म्हणून विकतात, तिकडे सांभाळून.

चुल्लवग्गात आनंदाची गोष्ट आहे. राजा उदयनाच्या राण्यांनी त्यांना पाचशे चीवरे दिली. इतक्या चीवरांचे काय करणार, असे राजाने विचारले. भिक्खूंना वाटू, आनंद म्हणाले. मग जुन्या चीवरांचे? त्यांचे पलंगपोस, पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, पुढे जमिनीवरचे अंथरूण, पायपुसणे, फडके, आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवायची. राजाचे समाधान झाले.

नवेच घ्यायचे तर सेल बदलता येईल, पट्टा कुठेही मिळेल असे घ्या. ऐपत असल्यास उजेडावर चालणारे घ्यावे. सिटिझनने तसले काट्यांचे घड्याळ १९७६ मध्येच काढले होते.

संपलेल्या सेलला चिकटपट्टी लावून तो बाटलीत, लहान मुलांपासून दूर ठेवा. मुलाने गिळला तर अन्ननलिका जळते, तडक इस्पितळ गाठावे. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेले सेल गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विहारात एक बरणी ठेवली आणि ती भरली की तरुणांनी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन दिली, तर वस्तीतला एकही सेल घंटागाडीत जाणार नाही.