लेथ बदलण्याआधी बोअरिंग बार मोजा

लेथवर बोअरिंग करताना टूल किंचाळू लागले, भोकात लाटांसारख्या रेषा उमटल्या की आमच्या वर्कशॉपमध्ये पुढचे ठरलेले असते. मालक कारागिरावर ओरडतो, कारागीर जुन्या लेथला दोष देतो आणि कर्ज काढून नवा लेथ घेण्याची भाषा सुरू होते. आमच्या मते हा घाईचा सौदा आहे. पुष्कळदा दोष असतो तो टूल पोस्टबाहेर गरजेपेक्षा जास्त काढलेल्या बोअरिंग बारचा.

हिशेब सोपा आहे. बाहेर राहिलेली लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच दाबाखाली बार आठपट वाकतो. उलट 20 मिलिमीटरऐवजी 25 मिलिमीटर जाडीचा बार लावला तर वाकणे निम्म्याहून कमी होते. म्हणून चिप निघायला जागा राहील इतका जाड बार घ्यावा व कामापुरताच बाहेर काढावा. पोलादी बार साधारण जाडीच्या चौपट लांबीपर्यंत चालतो, म्हणजे 25 चा बार 100 मिलिमीटरपर्यंत. सहापटीपर्यंत जायचे तर सॉलिड कार्बाइडचा बार लागतो. तो महाग असला तरी नव्या लेथपेक्षा स्वस्तच पडतो.

मग टूलच्या टोकाकडे पाहावे. मोठ्या नोज रेडियसने फिनिश चांगले येते, पण बारीक बारला तोच बाजूला ढकलतो. तेथे 0.8 ऐवजी 0.4 चे धारदार इन्सर्ट लावावे. थरथर सुरू होताच आपले लोक फीड कमी करतात. मग टूल कापण्याऐवजी घासू लागते. फीड कायम ठेवून आधी स्पीड उतरवावा. स्लाइडच्या जिब पट्ट्या आणि चकची पकडही तपासावी.

सर्वांत वाईट सवय म्हणजे रेषा एमरी पेपरने घासून माल देणे. चमक येते, पण भोकाचे माप एकसारखे राहत नाही. असा बुश मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागात बसला तर शाफ्ट झिजतो, माग बंद पडतो आणि विणकराची मजुरी बुडते. पुढच्या वेळी तो ग्राहक आपल्या दारात येत नाही.

यंत्रांच्या किमतीत मोठ्या कारखान्यांशी आपली बरोबरी होणार नाही, मापात होऊ शकते. कारखानदार बंधूंना आमची विनंती आहे की, शागिर्दावर ओरडण्याआधी बार किती बाहेर आहे हे त्याला मोजायला शिकवावे.