तंजावरचा ताड

तंजावर म्हटले की मराठी माणसाला सरफोजीराजे आणि तिथले सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. या ग्रंथालयातल्या हजारो पोथ्या ताडपत्रांवर लिहिलेल्या आहेत. ताडाशी आपली ओळख मात्र उन्हाळ्यातल्या ताडगोळ्यांपुरतीच!

कावेरीच्या खोऱ्यात भातखाचरांच्या बांधांवर हा ताड पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. त्याचे काहीच वाया जात नाही. कोवळ्या फळातले गर गोड, पिकल्या फळाचा बलक केशरी. रसाचा गूळ होतो, पानांच्या टोपल्या आणि पंखे होतात, खोडाचे वासे होतात. बी रुजून जमिनीत जो कंद तयार होतो, तो उकडून पोंगलच्या सुमारास आवडीने खातात.

मग हे झाड कमी का झाले? एक तर ताडावर चढणारे हात कमी झाले. दुसरे, वीटभट्ट्यांसाठी कितीतरी ताड तोडले गेले. शिवाय माड पाच-सात वर्षांत नारळ देतो. ताडाला फळ धरायला बारा ते वीस वर्षे लागतात. एवढा धीर कोणाला?

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गाजा’ चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. पट्टुकोट्टई, ओरत्तनाडू भागांतले माड मुळासकट आडवे झाले. कर्ज काढून बागा उभ्या करणाऱ्यांचा संसारच त्यांच्याबरोबर कोसळला. बांधावरचे ताड मात्र बहुतेक जागच्या जागी उभे राहिले. टणक खोड आणि पानांचा आटोपशीर घेर यांमुळे ताड वारा सोसतो.

ताड हा तामिळनाडूचा राज्यवृक्ष. २०२१ मध्ये राज्य सरकारने तो तोडण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी सक्तीची केली आणि लाखो बिया वाटण्याची योजना आखली.

आपल्याकडे पालघर, डहाणूच्या बाजूला ताड भरपूर आहेत. गावी थोडी जागा असेल, तर पिकून पडलेल्या फळाची बी जरूर लावा. मात्र झाड जिथे वाढवायचे तिथेच ती पुरा. पान वर येण्याआधी कोंब जमिनीत खोल जातो, त्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावले तर सहसा जगत नाही.

या झाडाची फळे कदाचित तुमची नातवंडेच खातील. पण आपण तरी आजवर जे ताडगोळे खाल्ले, ते कोणी लावलेल्या झाडाचे होते?